शिपायाने गावात शिरू नये

मांढळचा बाजार म्हटला की कुही तालुक्यात कुणालाही आधी मिरची आठवते. हंगामात त्या बाजाराजवळून जायचे तर नाकाला दुपट्टा लावावाच लागतो. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र मांढळ आठवते ते तांब्याच्या पत्र्यांसाठी. नागपूर विद्यापीठाने १९७० च्या दशकात इथे उत्खनन केले तेव्हा वाकाटक काळातल्या देवळांचे अवशेष आणि शैव मूर्ती निघाल्या. याच गावात वाकाटक राजांचे ताम्रपटही मिळाले. त्यांत रुद्रसेन दुसरा आहे, प्रवरसेन दुसरा आहे आणि पृथिवीषेण दुसराही आहे. म्हणजे साधारण इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या शेवटापासून पाचव्या शतकाच्या शेवटापर्यंतचा काळ.

ताम्रपट म्हणजे बक्षीसपत्र आणि सातबारा एकाच ठिकाणी. राजाने अमक्याला तमके गाव दिले, चतुःसीमा अशा, आणि यापुढे या गावाला काय काय माफ, याची यादी. वाकाटकांच्या दानपत्रांत ही माफीची यादी जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. गायीबैल पुरवायचे नाहीत. फुले आणि दूध द्यायचे नाही. चराई, बसायला कातडी आणि कोळसा यांची मागणी व्हायची नाही. आणि या सगळ्यांच्या सोबतीला एक लांबलचक संस्कृत विशेषण असते: अभटच्छत्रप्रावेश्य. यातला भट म्हणजे पूजा सांगणारा नव्हे. हा भट म्हणजे शिपाई. छत्र म्हणजे राजाचे छत्र घेऊन फिरणारा सरकारी माणूस. दोघांनीही या गावात पाय ठेवायचा नाही.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला त्यात फारसे काही वाटले नव्हते. सरकारी मसुद्यात अशी कलमे असतातच. मग लक्षात आले की हा शिपाई शत्रूचा नाही. शत्रूच्या शिपायाला तांब्याचा पत्रा दाखवून कोण अडवणार? हा आपल्याच राजाचा शिपाई आहे. आपल्याच राजाचा शिपाई गावात येणार नाही, ही गोष्ट देणगीत मोजली जात होती. गायीबैल, दूध, कोळसा हीसुद्धा मुक्कामाला आलेल्या सरकारी माणसांचीच गरज. ही यादी सलग वाचली की संध्याकाळी गावाच्या पांदणीतून आत येणारी, दमलेली, भुकेली, हत्यारबंद माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात.

पण ही माणसे होती कशी? खात काय होती, पगार किती, शिकत कुठे होती? आपल्याकडच्या प्राचीन शिपायाने स्वतःबद्दल फारच थोडे मागे ठेवले आहे. याच कुही तालुक्यात अडम आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमरेंद्र नाथ यांच्या देखरेखीखाली तिथे खोदकाम सुरू केले. पार मध्याश्मयुगापासून सातवाहन काळापर्यंतचे थर निघाले, शहराभोवती मातीचा तट आणि खंदक दिसला, आणि अस्सक जनपदाचे नाव असलेली मुद्रा मिळाली. वैनगंगेकाठच्या पवनीलाही असाच तट आणि खंदक आहे. त्याच्याही आधीचे, लोहयुगातले घोडेस्वार नागपूरजवळच्या माहुरझरीला दगडांच्या वर्तुळाखाली पुरलेले सापडले. घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार, लोखंडी लगाम, तांब्याच्या मुठीचा लोखंडी खंजीर. हत्यार आहे, घोडा आहे, तट आहे. माणसाची तक्रार, उधारी, पायातले फोड मात्र नाहीत.

ते सगळे मिळते रोमन शिपायाकडे. अडमच्या तटाआड सातवाहनांचे नाणे चालत होते, तेव्हाच पश्चिमेला रोमचे सैन्य ऐन भरात होते. शिवाय तो लिहिणारा शिपाई होता. त्याच्या छावण्यांतून लाकडाच्या पातळ पट्ट्या, पपायरसचे कागद, खापरांवरच्या चिठ्ठ्या निघाल्या आहेत. म्हणून मांढळच्या पत्र्यावरचा तो ‘भट’ समजून घ्यायला आपण थोडा लांबचा वळसा घेऊ.

सिनेमातला रोमन शिपाई चकचकीत शिरस्त्राण घालून रांगेत उभा असतो. खरा शिपाई दिवसाचा बराच वेळ दळण, लाकूडफाटा आणि खोदकाम यांत घालवत असे. सैन्याचा सगळ्यात लहान तुकडा आठ जणांचा. या आठ जणांचा एक चामड्याचा तंबू, एक खेचर, एक जाते आणि एक चूल. अशी दहा बिऱ्हाडे मिळून ऐंशी जणांची शतकी. तिच्यावर सेंच्युरियन, म्हणजे शतकाधिपती. नाव शंभराचे आणि माणसे ऐंशी, हा हिशेब रोमनांनाही खटकला नसावा. सहा शतकींचा एक कोहोर्ट, दहा कोहोर्टांचा एक लीजन. साधारण पाच हजार माणसे.

जात्यापाशी जरा थांबू. आपल्याकडे जाते म्हटले की बाई आणि पहाटेची ओवी. रोमन छावणीत संध्याकाळी तंबूतंबूपुढे पुरुष जाते ओढत बसलेले असत. शिधा पिठाचा नाही, धान्याचा मिळे. दळायचे, मळायचे, भाजायचे ज्याचे त्याने. तिसऱ्या शतकातला सम्राट काराकाला शिपायांत बसून स्वतःच्या वाट्याचे धान्य स्वतः दळत असे, असे हेरोडियन नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. शिपायांना तो आवडायचा यात नवल नाही. काराकालाच्या साडेतीनशे वर्षे आधी इतिहासकार पोलिबियसने पायदळाच्या गव्हाचे माप सांगितले आहे. आजच्या हिशेबाने ते माणशी दररोज साडेआठशे ग्रॅमच्या आसपास बसते, म्हणजे आपल्या जुन्या शेरापेक्षा थोडे कमी. आणि शिक्षा म्हणून काय? गव्हाऐवजी जव. जव हे घोड्याचे खाणे. लढाईत कच खाल्लेल्या तुकडीला जव मिळाले की सगळ्या छावणीला कळायचे.

आता गुणाकार करा. पाच हजार माणसे, माणशी साडेआठशे ग्रॅम: दररोज साडेबेचाळीस क्विंटल गहू. आठ माणसांमागे एक धरले तरी सहाशेच्या वर खेचरे, शिवाय घोडेस्वारांचे घोडे; त्यांची वैरण वेगळी. हे एका लीजनचे, एका दिवसाचे. ज्या शेतकऱ्याने कधी बाजार समितीत माल नेला आहे त्याला बेचाळीस क्विंटल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सैन्य दहा दिवस एका जागी थांबले तर ते कुणाच्या कोठीतून येणार? माझ्या मते सैन्याच्या इतिहासातला हाच खरा प्रश्न आहे. तलवारीची लांबी त्यानंतर.

रोमचे उत्तर बऱ्याच अंशी पगार आणि कोठारे हे होते. सम्राट ऑगस्टसच्या काळात लीजनच्या साध्या शिपायाला वर्षाला २२५ दिनार मिळत, तीन हप्त्यांत. पुढे सम्राट डोमिशियनने ते ३०० केले. पण हातात किती पडत? इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसच्या एका तुकड्यावर इसवी सन ८१ चा दोन शिपायांचा हिशेब आहे. त्यातला एक क्विंटस ज्युलियस प्रोक्युलस. त्याचा एका हप्त्याचा पगार, इजिप्तच्या चलनात, २४८ द्राख्मा. त्यातून वैरणीचे १० कापले. जेवणाचे ८०. बूट आणि पायपट्ट्यांचे १२. छावणीतल्या सॅटर्नेलिया सणाची वर्गणी २०. कपड्यांचे ६०. एकूण १८२. उरले ६६. मागची शिल्लक १३६. खात्यावर जमा २०२. लष्कराच्या कारकुनाने एकोणीसशेहून जास्त वर्षांपूर्वी केलेली ही बेरीज मी कागदावर पुन्हा करून पाहिली, बरोबर आहे. सणाची वर्गणी पगारातून परस्पर कापणारे कार्यालय तेव्हाही होते, हे पाहून मात्र मला हसू आले.

भरती झालेल्या पोराला पहिल्यांदा शिकवत ते चालायला. वेगेशियस नावाच्या लेखकाने उशिरा, रोमच्या उतरत्या काळात, जुन्या पद्धती लिहून काढल्या. त्याच्या म्हणण्याप्रमाणे शिपायाने उन्हाळी दिवसाच्या पाच तासांत २० रोमन मैल चालले पाहिजे. रोमन तास दिवसाच्या लांबीप्रमाणे ताणला जाई, त्यामुळे हे आपले सहाएक तास. वीस रोमन मैल म्हणजे साडेएकोणतीस किलोमीटर. कुहीहून पहाटे निघालेली तुकडी उमरेड रोडला लागून नागपूर दहाएक किलोमीटर उरले असताना थांबेल. भरभर चालायचे तर तेवढ्याच वेळात २४ मैल. आणि हे रिकाम्या हातांनी नाही. नव्या पोरांना साठ रोमन पौंड, म्हणजे जवळपास वीस किलो ओझे पाठीवर घेऊन चालवत. ज्यू इतिहासकार जोसेफसने पायदळाच्या अंगावरचे सामान मोजले आहे: करवत, टोपली, कुदळ, कुऱ्हाड, चामड्याचा पट्टा, विळा, साखळी आणि तीन दिवसांचा शिधा. हत्यारे सोडून हे सगळे. शिपायापेक्षा रोजगार हमीचा मजूर वाटावा अशी ही यादी आहे, आणि ते खरेही होते. मुक्कामाला पोचल्यावर बसायचे नाही. शत्रूच्या मुलखात रोज संध्याकाळी छावणीभोवती चर खणायचा, निघालेल्या मातीचा आत बांध घालायचा, बांधावर अणकुचीदार खुंट रोवायचे. तंबूंची जागा ठरलेली, रस्ते ठरलेले. अंधारातही आपला तंबू हाताला लागावा अशी ती आखणी. रात्रीची खूण लाकडी फळीवर लिहून तुकडीतुकडीत फिरवायची. सकाळी सगळे मोडून पुढे.

अडमचा खंदक कुणी खणला याचा हिशेब आपल्यापाशी नाही. तो मात्र एका रात्रीपुरता नव्हता.

मग हत्यार. पोराच्या हाती आधी लाकडी तलवार आणि वेताची विणलेली ढाल. दोन्ही खऱ्यापेक्षा दुप्पट जड. समोर जमिनीत माणसाच्या उंचीचा खांब. सकाळी त्या खांबाशी लढायचे, दुपारी पुन्हा त्याच खांबाशी. तलवार फिरवून वार करायला मनाई, खुपसायला शिकवत. फिरवलेला वार हाडावर अडतो आणि आपली बगल उघडी पडते. पोटात दोन बोटे गेलेले टोक पुरते. आपल्याकडच्या दांडपट्ट्यात हात गोल फिरतो, भोवती मोकळी जागा लागते. रोमन शिपायाला मोकळी जागा नको होती. त्याला शेजाऱ्याची ढाल जवळ हवी होती.

शिस्तीचे रूप म्हणजे शतकाधिपतीच्या हातातली द्राक्षवेलीची काठी. इसवी सन १४ मध्ये ऑगस्टस वारला आणि डॅन्यूब नदीकडच्या लीजननी बंड केले. दिवसाला दहा आस्स पगार, त्यातून कपडे, हत्यारे, तंबू आणि शतकाधिपतीला मार चुकवण्यासाठी लाच, ही त्यांची तक्रार इतिहासकार टॅसिटसने नोंदवली आहे. बंडवाल्यांनी ल्युसिलियस नावाच्या एका शतकाधिपतीला ठार केले. छावणीत त्याचे टोपणनाव ‘दुसरी आण’ असे होते. शिपायाच्या पाठीवर काठी मोडली की तो ओरडून दुसरी मागवायचा.

लढाई थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच व्हायची. शत्रू पंधरावीस मीटरवर आला की भाले सुटायचे. रोमन भाला, पिलम, सुमारे दोन मीटरचा. पुढचा लोखंडी दांडा लांब आणि बारीक, टोक पिरॅमिडसारखे. ढालीत घुसून दांडा आत जाई, अनेकदा वाकेही. मग ती ढाल टाकून देण्याखेरीज समोरच्याला इलाज नसे. त्यानंतर उंच वक्र ढालीआडून आखूड तलवार. बाण आणि दगड पडू लागले तर ढाली डोक्यावर आणि बाजूंना एकमेकांना भिडवायच्या, त्याला ते कासव म्हणत. पायात खिळे ठोकलेल्या चपला. मातीत त्यांची पकड उत्तम, दगडी फरशीवर घात. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमच्या मंदिराच्या आवारात ज्युलियानस नावाचा एक शतकाधिपती एकटाच शत्रूच्या घोळक्यावर तुटून पडला, सगळे पांगले, आणि तेवढ्यात गुळगुळीत फरशीवर त्याच्या चपलांचे खिळे घसरले. तो पडला आणि तिथेच मारला गेला. जोसेफस हे सांगतो, आणि त्याच्या सांगण्यात हळहळ आहे.

पण शिपायाच्या आयुष्यात असे दिवस किती? इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा नावाच्या छावणीच्या चिखलात १९७३ पासून शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या निघत आहेत. त्यातल्या एकीवर तुंग्री जमातीच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या लोकांच्या, तुकडीची हजेरी आहे. पटावर ७५२. त्यातले ४५६ बाहेर. ३३७ शेजारच्या ठाण्यावर, ४६ सुभेदाराच्या दिमतीला, बाकीचे इकडेतिकडे. हजर २९६. त्यातले १५ आजारी, ६ जखमी, १० जणांचे डोळे आलेले. कामाला धड २६५. दुसऱ्या एका पट्टीवर कुणीतरी छावणीतल्या माणसाला पायमोजे, दोन जोड चपला आणि दोन जोड आतल्या चड्ड्या पाठवल्याचे लिहिले आहे. थंडी होती. आणखी एका हिशेबात गॅम्बॅक्स नावाच्या शिपायाच्या नावावर दोन दिनारांची मिरी आहे. ही काळी मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून, मुझिरिससारख्या बंदरातून, तांबडा समुद्र आणि इजिप्त ओलांडून तिथवर गेलेली. मिरचीच्या मुलखात राहून मला या गॅम्बॅक्सबद्दल आपुलकी वाटते. मिरची तेव्हा आपल्याकडेही नव्हती. ती पोर्तुगिजांबरोबर आली. मांढळच्या ताम्रपटातले लोकही तिखटासाठी मिरीसारख्या पदार्थांवरच अवलंबून होते.

पगार आहे, कोठार आहे, हजेरीपट आहे. मग रोमच्या गावांना शिपायाचा त्रास नसेल?

आजच्या बल्गेरियात स्कॅप्टोपारा नावाचे खेडे होते. इसवी सन २३८ मध्ये तिथल्या लोकांनी सम्राट तिसरा गॉर्डियन याच्याकडे अर्ज केला आणि तो दगडावर कोरून ठेवला, म्हणून आपल्याला कळतो. गावाला गरम पाण्याचे झरे आहेत, ते म्हणतात. दोन मैलांवर जत्रा भरते, १ ऑक्टोबरच्या सुमारास पंधरा दिवस. गाव दोन लष्करी ठाण्यांच्या मध्ये. म्हणून जाणारे-येणारे शिपाई आपली वाट सोडून आमच्याकडे वळतात, मुक्काम मागतात, जेवण मागतात आणि दमडी देत नाहीत. सुभेदार येतात ते येतात. त्यांचे आम्ही आनंदाने करू. पण हे असेच चालले तर आम्ही वाडवडिलांची घरे सोडून निघून जाऊ, आणि मग साहेब, तुमचा कर कोण भरणार? हा शेवटचा मुद्दा त्यांनी फार विचारपूर्वक घातलेला दिसतो. अर्ज नेऊन पोचवला पिऱ्हस नावाच्या माणसाने. तो याच गावचा, आणि सम्राटाच्या पहाऱ्यात शिपाई. शिपायाविरुद्धचा अर्ज शिपायाच्याच हातून गेला. उत्तर आले, थोडक्यात: आधी सुभेदाराकडे दाद मागा. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात दिवस काढलेल्या कुणालाही या उत्तराचा अनुवाद लागणार नाही.

आता परत आपल्याकडे येऊ, आधी नाशिकला. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या दोन आज्ञा शेजारी शेजारी कोरल्या आहेत. पहिली त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षाची, विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला लिहिलेली. नहपानाच्या क्षहरात घराण्याचा नुकताच पाडाव झाला आहे. पश्चिम कखडी गावातले शेत, जे पूर्वी नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे होते, ते २०० निवर्तनांचे शेत आता लेण्यातल्या भिक्षूंना द्या. आणि त्या शेताला सवलती: आत कुणी शिरू नये, कुणी हात लावू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करू नये. मांढळच्या पत्र्यावरची ती यादी इथे अडीचतीनशे वर्षे आधी प्राकृतात भेटते.

दुसरी आज्ञा सहा वर्षांनंतरची, चोविसाव्या वर्षाची, राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने. कखडी गावात आम्ही जे शेत दिले होते ते कुणी कसत नाही, आणि गावात वस्ती नाही. म्हणून आता शहराच्या शिवेवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने द्या. गाव का उठले, हे आज्ञा सांगत नाही. पण दोन राजघराण्यांची सैन्ये त्या भागातून आली-गेली होती, आणि सैन्याची छावणी तिथून लांब नव्हती. स्कॅप्टोपाराच्या लोकांनी जी धमकी दिली ती कखडीच्या लोकांनी बहुधा न बोलता अमलात आणली, असे माझे वाचन आहे. कोरीव लेखातल्या त्या दोन कोरड्या वाक्यांपाशी मी दर वेळी अडखळतो.

यानंतर पंधराशे वर्षांनी हीच भीती एका राजाने स्वतः बोलून दाखवली. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडे पावसाळी छावणीला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार-हवालदारांना पत्र पाठवले. बखरकार सभासदाने सांगितलेली या फौजेची रचना रोमन कारकुनाला आवडली असती: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, आणि दर पंचविसांमागे एक पखालजी, एक नालबंद. पण पत्रात लढाईचे नावही नाही. पत्र आहे दाणावैरणीचे. पावसाळाभर पुरायची वैरण आता उधळाल तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुमचे लोक कुणब्यांकडे धान्य, भाकर, गवत, फाटे, भाजी मागायला जातील. कुणबी मुलूख सोडतील आणि म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. आणि रात्री दिवे जळत ठेवू नका. एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि सगळी पागा जाईल. जो राजा उंदराच्या तोंडातली वात बघतो, त्याला बेचाळीस क्विंटलांचा गुणाकार शिकवावा लागत नाही.

तीच फौज पुढे बदलली, हेही इथे, नागपूरजवळ बसून, सांगितले पाहिजे. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे स्वार १७४० च्या दशकात भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालमध्ये शिरले. १७४४ मध्ये नवाब अलिवर्दी खानाने भेटीला बोलावून भास्कररामांना दग्याने मारले; मोहिमा चालूच राहिल्या. १७५१ च्या तहाने ओडिशा हाती आला आणि बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला १२ लाख ठरले. इतिहासाच्या पुस्तकात आपण हे अभिमानाने वाचतो. बंगालच्या खेड्यात मात्र बारगिराचा ‘बर्गी’ झाला आणि पोर झोपत नसेल तर त्याला बर्गीची भीती घालणारे गाणे तयार झाले. ते आजही म्हणतात. ज्या मुलखाच्या ताम्रपटांत शिपायाला गावबंदी आहे, त्याच मुलखाचे शिपाई दुसऱ्याच्या अंगाईत जाऊन बसले.

मांढळचा पत्रा आता पुन्हा हातात घेऊन पाहू. तांबे चांगले जाड. भोक पाडून कडीत ओवलेले, कडीला राजमुद्रा. अक्षरे वाकाटकांच्या खास वळणाची, प्रत्येकाच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी. भाषा संस्कृत. हा पत्रा दान घेणाऱ्याच्या घरात, बहुधा कापडात गुंडाळून, आत कुठेतरी ठेवलेला. आता समजा दिवस मावळता आहे आणि पांदणीच्या टोकाला धूळ उठली आहे. येणाऱ्या भटाला संस्कृत वाचता येत नाही. पत्रा बाहेर काढून, कापड सोडून, त्याला वाचून दाखवून, अर्थ सांगेपर्यंत तो गोठ्यापाशी पोचलेला असणार. गावातल्या जाणत्या माणसाने आधी बैल सोडून जंगलाकडे पिटाळले असतील, बायकांनी दुधाची मडकी आत नेली असतील, आणि मग कुणीतरी पोराला पत्रा आणायला पाठवले असेल.